संगमानंतरचे नाव
बेडशाच्या लेण्यांखालील खोऱ्यातून वाहणारी पवना दापोडीस मुळेला मिळते आणि तेथेच आपले नाव सोडते. परंतु तीच मुळा पुढे पुण्यात मुठेस भेटते, तेव्हा मात्र दोघींपैकी कोणीच माघार घेत नाही आणि मुळामुठा हे जोडनाव थेट भीमेपर्यंत टिकते. डोंगरापलीकडची इंद्रायणी तुळापुरास भीमेत विसर्जित होते, भीमा कृष्णेत; विदर्भात तर वर्धा व वैनगंगा या दोघीही स्वनामाचा त्याग करून प्राणहिता होतात. हा निवाडा, माझ्या मते, जलराशीच्या मोजमापापेक्षा काठच्या रयतेच्या वहिवाटीने झाला असावा आणि सरकारी दफ्तराने तो मागाहून कायम केला असावा. मावळकरांनी मात्र दापोडीपुढच्या पाण्यातही पवनेचा हिस्सा मानावा, असा माझा आग्रह आहे.