आसने पुष्कळ, हिशेब थोडा

लोकोपयोगी कार्यासाठी द्रव्य गोळा करण्याच्या ज्या नाना तऱ्हा अलीकडे आपल्या समाजात रूढ होत आहेत, त्यांत सामुदायिक योगाच्या मेळ्यांची भर पडली आहे. रथसप्तमीस किंवा २१ जूनच्या सुमारास, एरवी एखाद्या रविवारी पहाटे, शेदोनशे मंडळी मैदानावर जमतात, प्रवेशशुल्क भरतात, तासभर सूर्यनमस्कार व आसने करतात. आणि जमलेला निधी एखाद्या रुग्णालयास, अनाथाश्रमास किंवा पूरग्रस्तांस अर्पण झाल्याचे छायाचित्र पुढे वर्तमानपत्रात झळकते. मोठ्या शहरांतून निघालेली ही चाल तालुक्यातालुक्यांस पोहोचावयास वेळ लागत नाही. खानदेशात पाचोऱ्यासारख्या गावी कोणी असा बेत मनात आणलाच, तर त्यास उत्साही तरुणांची, शिक्षकांची किंवा उदार व्यापाऱ्यांची वाण पडणार नाही. म्हणूनच बेत शिजण्यापूर्वी त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. योगाच्या निमित्ताने धर्मादाय निधी जमवण्यात गैर काही नाही. परंतु ज्या योगाचे नाव घ्यावयाचे त्याची पहिली पायरी जो यम, तो त्या निधीस लागू केल्यावाचून असा मेळा भरवण्याचा अधिकार कोणासही पोचत नाही.

प्रथम सोवळ्या आक्षेपकांचा समाचार घेऊ. ते म्हणतात, योग ही एकांतातील साधना. ती चव्हाट्यावर आणणे आणि वर तिला पैशाची संगत जोडणे हा अधर्म होय. या मंडळींस आम्ही खानदेशाच्याच इतिहासाचे स्मरण देतो. जगन्नाथ गणेश गुणे हे १९१६ साली अमळनेरास खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीचा ठपका येऊन सरकारने १९२० साली ते महाविद्यालय बंद केले. हेच गुणे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत उड्डियान व नौली यांचे शरीरावर होणारे परिणाम तपासले, १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष जगापुढे ठेवले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानच्या शाळांतून चालू केले. योग गुहेतून मैदानावर आला तो या कर्त्या पुरुषांच्या हाताला धरून. त्याने तो बाटला असे म्हणण्याचे धाडस कोणी करील असे आम्हांस वाटत नाही. मात्र कुवलयानंदांनी योग लोकांत आणला तो त्याचे मोजमाप छापून आणला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; आमच्या पुढील विवेचनाचा सारा भार तिच्यावरच आहे.

आता पैशाची गोष्ट. सत्कार्यासाठी गुणांचे प्रदर्शन करून द्रव्य मिळवणे महाराष्ट्रास नवे नाही. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस संयुक्त ‘मानापमान’ केले, त्याचे कौतुक अद्याप ओसरलेले नाही. परंतु त्या प्रयोगात देणारा कोण व घेणारा कोण, हे स्वच्छ होते. प्रेक्षकाने तिकिटाचे दाम मोजले, त्याच्या बदली त्यास गाणे मिळाले. त्यागाचे श्रेय नटांकडे गेले आणि द्रव्य फंडाकडे. प्रेक्षकाने घरी जाऊन आपण मोठे दान केले असे मिरवले नाही. योगाच्या मेळ्यात हाच भेद पुसला जातो. तेथे नटही आपणच, प्रेक्षकही आपणच, आणि शुल्काच्या बदली अंगरखा, न्याहारी, प्रशस्तिपत्र व छायाचित्र घेऊन परतणारे गिऱ्हाईकही आपणच. मग भरलेल्या शुल्कापैकी किंमत किती आणि दान किती, हे कोण सांगणार?

हे अंक मांडूनच पाहू. समजा, पाचोऱ्यास एका शाळेच्या मैदानावर ३०० माणसे जमली आणि प्रत्येकाने २०० रुपये भरले. जमा ६०,००० रुपये झाली. आता खर्च पाहा. नाव छापलेला टी-शर्ट दरडोई ११० रुपयांचा धरला तर ३३,००० रुपये. न्याहारी दरडोई ३० रुपये म्हणजे ९,००० रुपये. मांडव व ध्वनिक्षेपक ९,००० रुपये. चौकाचौकांतील फलक ४,००० रुपये. पाहुण्यांची शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्हे २,००० रुपये. एकूण ५७,००० रुपये गेले, उरले ३,०००. हे आकडे आमच्या कल्पनेचे खरे. परंतु ज्यांनी असले समारंभ पार पाडले आहेत त्यांनी ते आपल्या वहीशी ताडून पाहावेत. ३०० माणसांनी घरबसल्या प्रत्येकी १० रुपये दिले असते तरी हेच ३,००० रुपये हाती आले असते. आणि या तीन हजारांचाही मोठा थोरला पुठ्ठ्याचा धनादेश करवून व्यासपीठावर चौघांनी तो धरावा, ही हौस भागवावयाची म्हणजे आणखी काही शे रुपये गरिबांच्याच वाट्यातून जावयाचे!

यावर चालक मंडळी म्हणतात, “आमचा हेतू शुद्ध आहे, सारे जण फुकट राबतात, मग ही हिशेबी वृत्ती कशाला?” हेतूच्या शुद्धतेविषयी आम्ही शंका घेत नाही. आमचा त्यांस प्रश्न इतकाच की, तुम्ही मेळा कशाचा भरवला? पतंजलींनी योगाची जी आठ अंगे सांगितली त्यांत आसनाचा क्रम तिसरा आहे, आणि सुमारे दोनशे सूत्रांत आसनाच्या वाट्यास अवघी तीन सूत्रे आली आहेत. पहिले अंग यम. आणि अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे त्याचे पाच भाग. यांपैकी ब्रह्मचर्य ज्याचे त्याच्यापाशी राहू द्या. बाकीचे चार तर निधीच्या चालकांस जणू नियमावलीच घालून देतात. सत्य म्हणजे जमाखर्च जसा असेल तसा प्रसिद्ध करणे. अस्तेय म्हणजे रोग्याच्या नावाने घेतलेला रुपया मांडववाल्यास न देणे. अपरिग्रह म्हणजे दान करतेवेळी त्याच्या बदल्यात वस्तू न घेणे. आणि अहिंसा म्हणजे १०८ सूर्यनमस्कारांच्या चढाओढीत साठी उलटलेल्या किंवा हृदयविकार जडलेल्या माणसास भीड घालून न ओढणे. हे चार पाळवत नसतील तर त्या मेळ्यास कवायत म्हणा, सहल म्हणा, आमची हरकत नाही. परंतु योगाचे नाव त्यास देऊ नका.

दुसरा एक दोष संख्येच्या सोसाचा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय योगदिनाचा ठराव केला आणि २१ जून २०१५ रोजी दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ माणसांनी एकत्र योगासने करून विक्रम नोंदवला. त्या दिवसाचा हेतू योगाची ओळख सर्वत्र व्हावी असा होता, आणि त्या कामी मोठी संख्या शोभून दिसली. परंतु तेव्हापासून डोकी मोजण्याची चट आम्हांस जी लागली ती सुटत नाही. धर्मादाय मेळ्यात डोक्यांची संख्या पहिल्या ओळीत छापतात. रोग्याच्या हाती पडलेल्या रुपयांची संख्या शेवटच्या ओळीतही सापडत नाही.

तिसरा आक्षेप विचारार्ह आहे. काही सुज्ञ गृहस्थ म्हणतात की, नुसते मागून आजकाल कोणी देत नाही. काही गाजावाजा, काही शारीरिक पराक्रम दाखवला म्हणजे लोकांचे हात खिशाकडे वळतात. यात तथ्य आहे. कॅनडात टेरी फॉक्स नावाच्या तरुणाने कर्करोगात एक पाय गमावल्यानंतर १९८० साली कृत्रिम पायाने रोज मैलोगणती धावून १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापले आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी देशातील प्रत्येक माणसाकडून एक डॉलर मागितला. रोग फुप्फुसांत पसरल्यामुळे त्यास थांबावे लागले. परंतु १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक डॉलर जमले, म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येच्या मानाने त्याचे मागणे पुरे झाले. त्याचे धावणे लोकांच्या काळजास भिडले, कारण ते कष्ट आणि ते कार्य यांचा सांधा उघड दिसत होता. आणि आपल्या धावण्यावर कोणा कंपनीने माल खपवावा हे त्यास मान्य नव्हते. आमच्या मेळ्यांतील आसने आणि ज्याच्यासाठी निधी तो दुःखी मनुष्य यांच्यात असा सांधा कोठे आहे?

तो सांधा जोडता येतो, आणि त्याची वाटही आम्ही येथे सुचवून ठेवतो. नुसते दोष काढून मोकळे होणे बरे नव्हे. क्षयरोग अद्याप आपल्या गावांतून गेलेला नाही. औषध शासन फुकट देते. पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. परंतु महागाईच्या दिवसांत कमावत्या माणसानेच अंथरूण धरले तर तेवढ्यात घराचे भागत नाही. म्हणून सप्टेंबर २०२२ पासून ‘नि-क्षय मित्र’ या योजनेत कोणाही नागरिकास वा मंडळास रुग्ण दत्तक घेऊन त्यास निदान सहा महिने दरमहा पौष्टिक शिधा देता येतो. जो रोज पहाटे प्राणायाम करतो, त्याला श्वासाची किंमत ठाऊक असते. ज्याच्या श्वासास धाप लागली आहे त्याची आठवण त्याने त्याच वेळी ठेवावी, याहून उचित सांधा तो कोणता?

याकरिता मांडव नको, पाहुणे नकोत. वर्षभर चालणारा एक साधा वर्ग हवा. सतरंजी प्रत्येकाने घरून आणावी. शिकवणाऱ्याने मोल घेऊ नये. दाराशी कुलूपबंद पेटी असावी आणि येणाऱ्याने रोज तीत एक रुपया टाकावा. १०० माणसांचे ३६५ दिवसांचे ३६,५०० रुपये होतात. शिधा दरमहा ५०० रुपयांचा धरला, तर एवढ्यात १२ रुग्णांना सहा महिने अन्न मिळून वर ५०० रुपये शिल्लक राहतात. समारंभाच्या साठ हजारांतून निघालेले तीन हजार कोठे आणि रोजच्या एका रुपयातून निघालेले साडेछत्तीस हजार कोठे!

ही वाट आमच्या पूर्वजांच्या पायांखालचीच आहे. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा मागत हिंडून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेसाठी घरोघरच्या बायाबापड्यांनी दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूस काढून ठेवले. पाचोऱ्याच्या वाचकांस तर आणखी जवळचा दाखला देता येईल. पाचोरा-जामनेर ही ५६ किलोमीटरांची ‘पीजे’ अरुंद रुळांवरून, डौल न मिरवता, सावकाश चाले. तरीही २०२० साली बंद पडेपर्यंत तिने शंभर वर्षे शेतकऱ्यांस, विद्यार्थ्यांस व बाजारकऱ्यांस ठरल्या ठिकाणी पोहोचवले. दानाची गाडीही अशीच बेताची आणि नेमाची असावी.

वर्षातून एकदा, रथसप्तमीस म्हणा, साऱ्या गावाने एकत्र येऊन सूर्यनमस्कार घालावेत, यास आमची मुळीच ना नाही. उत्सव माणसास हवाच असतो. परंतु त्या दिवसाचा खर्च ज्या व्यापाऱ्यांस वा पुढाऱ्यांस आपले नाव फलकावर हवे असेल त्यांनी स्वतंत्रपणे सोसावा. वर्गणीच्या पेटीस त्याचा स्पर्श होऊ नये. आणि व्यासपीठावरून भाषणांऐवजी वर्षाचा जमाखर्च वाचून दाखवावा, तोच शाळेच्या भिंतीवर चिकटवावा. नोंदणी नसलेल्या मंडळींनी धर्मादाय वर्गणी जमवावयाची तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे ४१-क कलम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे बोट दाखवते, हेही चालकांनी विसरू नये. परंतु कायद्याच्या धाकाने ठेवलेला हिशेब निराळा आणि यम म्हणून ठेवलेला हिशेब निराळा. पहिला तपासनीसास दाखवतात. दुसरा ज्या मोलकरणीने एक रुपया टाकला तिला दाखवतात.

लहान गावात दानाचा खरा ठेवा पैशाचा नसून विश्वासाचा असतो. एका मेळ्याचा पैसा कोठे गेला हे लोकांस कळले नाही, की पुढच्या वेळी खरोखर अडलेल्या माणसासाठी कोणी झोळी घेऊन दारी आला तरी दार उघडत नाही. त्या मिटलेल्या दाराचे पाप मेळ्याच्या चालकांकडे येते, मग त्यांचा हेतू कितीही शुद्ध असो. यास्तव आमचे पाचोऱ्याच्याच नव्हे, तर गावोगावच्या उत्साही मंडळींस इतकेच सांगणे आहे की, सूर्यनमस्कार घालावयाचे तितके घाला, परंतु आधी जमाखर्चाची वही चारचौघांपुढे उघडी ठेवा.