पहिल्याचा सत्कार बंद करा



आपल्याकडं एक खूळ निघालंय. वस्तीतलं पोरगं कॉलेजात गेलं की त्याला शाल घालायची, फोटो काढायचा आणि माईकवरून ओरडायचं, ‘घराण्यातला पहिला!’ टाळ्या. संपलं. उद्या त्या पोराकडं फीला पैसे आहेत का, हे विचारायला कुणी नाही.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. रातपाळीला. दहावीत शाळा सुटली. बारावी सतरा नंबरच्या फॉर्मवर बाहेरून काढली. बाकीचं वाचणं-लिहिणं वाचनालयानं शिकवलं. आता बी.ए.ला आहे. म्हणजे मीही ‘पहिला’. म्हणून या शब्दावर बोलतो.

‘पहिला’ हे कौतुक नव्हे, ती थकबाकी आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात शाळा काढली १८४८ ला. १८८२ ला जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं रोकडं मांडलं की महसूल उभा राहतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा खर्च जातो वरच्या वर्गाच्या पदरात. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात २६ जुलै १९०२ ला मागासलेल्यांसाठी निम्म्या नोकऱ्या राखल्या. एवढं होऊनही आज माझ्या घरात कॉलेजचं तोंड बघणारा मी पहिलाच. मग मधली सव्वाशे वर्षं कुणी खाल्ली? माझ्या बापानं? तो यंत्रमागावर बारा-बारा तास उभा होता. आज्ज्यानं? तो दुसऱ्याच्या रानात राबत होता. खाणारे वेगळेच. आणि टाळ्या आपण वाजवायच्या!

आता गंमत बघा. जातीचा दाखला काढायला गेलो की १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आज्ज्याचा शाळेचा दाखला आणा, नाहीतर तसलाच जुना कागद आणा. आरं, आज्जा शाळेत गेला असता तर मी पहिला कशाला झालो असतो? ज्या घराला शाळेच्या पायरीवर चढू दिलं नाही, त्याच घरानं आता शाळेचा शिक्का दाखवायचा. आई ट्रंक उपसत बसते. ट्रंकेत बाबासाहेबांचा फोटो आहे, रेशनकार्ड आहे. आज्ज्याचा दाखला नाही. नव्हताच कधी.

पांढरपेशे म्हणतात, जिद्द असली की सगळं होतं. जिद्द माझ्याकडं पोत्यानं आहे. त्यांच्या पोराला जिद्दीची गरजच पडत नाही. त्याच्या घरात काका आहे, मामा आहे. कुठला फॉर्म, कुठली तारीख, कुठल्या साहेबाची सही, हे त्याला ताटावर बसल्या बसल्या कळतं. जमीन-जुमल्यासारखीच ही माहितीसुद्धा वारशानं जाते. तिचा सातबारा नसतो एवढंच.

माझ्या कॉलेजच्या खिडकीवरचा बाबू म्हणाला, आधी फी भर, स्कॉलरशिप आली की परत मिळंल. मॅट्रिकोत्तर स्कॉलरशिप १९४४ ची. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात असताना सुरू झालेली. ती कुणाच्या बापाची खैरात नाही. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची सोय लिहिलेली आहे. आधी फी न भरता प्रवेश मिळावा म्हणूनच. मला ठाऊक होतं, म्हणून मी खिडकी सोडली नाही. माझ्या मागच्या पोराला ठाऊक नव्हतं. तो मान खाली घालून निघून गेला. पुन्हा दिसला नाही.

२०२४ ला उत्तर प्रदेशातल्या एका दलित मजुराच्या पोराची धनबादच्या आयआयटीतली जागा १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून गेली. सुप्रीम कोर्टानं ती परत द्यायला लावली. पण वस्तीतली किती पोरं दिल्लीपर्यंत पोचणार? बाकीची कुठं जातात, ते माझ्या खात्यात येऊन बघा. माझ्या शेजारच्या मशीनवर आहेत.

आता आपल्याच लोकांना सुनावतो. राग आला तर येऊ द्या.

१९०७ ला भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कार झाला. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पण गुरुजी तिथं थांबले नाहीत. पुढं शिक्षणाला पैसा कमी पडला तेव्हा सयाजीराव महाराजांकडं शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची स्कॉलरशिप मिळवून दिली. एल्फिन्स्टन कॉलेज हारांवर चाललं नाही, त्या पंचवीस रुपयांवर चाललं. आपण गुरुजींच्या हातातला हार तेवढा उचलला. पुढची धावपळ सोडून दिली.

१४ एप्रिलला डॉल्बीला किती जातात आणि फीला किती, वर्गणीची वही उघडून बघा. आणि जे शिकून साहेब झाले, फ्लॅटमध्ये गेले, त्यांना एकच सवाल : तुमची व्हॅलिडिटी निघाली, ती वाट मागच्याला दाखवली का? का वाट पुसत पुसत गेलात?

भाषण पुरे. काम सांगतो. जून-जुलैत दर रविवारी सकाळी दहाला विहारात टेबल मांडायचं. ज्यानं एकदा दाखला काढलाय, त्यानं पाच जणांचे काढून द्यायचे. खिडकीवर पोरगं एकटं जाणार नाही, सोबत दोघं जातील. शालींचे पैसे झेरॉक्सला आणि एसटीच्या भाड्याला.

माझी धाकटी बहीण अकरावीला आहे. ती कॉलेजात जाईल तेव्हा घरातली दुसरी असंल. दुसरीला शाल लागत नाही, तिला कागद कुठं मिळतो ते ठाऊक असतं. प्रत्येक घरात दुसरी, तिसरा, चौथी पाहिजे.

रविवारी या. कागद घेऊन या. नसतील तर तसेच या, मिळून शोधू.

जय भीम.