डोके कुणाला असते? अर्व्ह क्रॉस यांची कहाणी

या वेळी ज्या माणसाची ओळख करून द्यायची आहे, त्याचा खेळ आपल्या वस्तीत कुणी खेळत नाही. अमेरिकन फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता असा लांबट चेंडू काखेत धरून पळायचे आणि पळणाऱ्याला समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन आडवे करायचे. कबड्डीतली पकड डोळ्यांपुढे आणा, फक्त ती धावत येऊन, हेल्मेट घालून केलेली. अर्व्ह क्रॉस यांचे काम हे असे आडवे करण्याचे होते.

जन्म १९३९ चा, इंडियाना राज्यातल्या हॅमंड गावचा. वडील पोलाद कारखान्यात कामगार, घरात पंधरा भावंडे. वडिलांना दारू, आणि दारू पोटात गेली की आईला मार. अर्व्ह दहा वर्षांचे असताना आई बाळंतपणात गेली. हे सारे त्यांनी उतारवयात स्वतःच सांगितले. आमच्या वाचक भगिनींना यापेक्षा जास्त सांगण्याची गरज नाही.

मुलगा शिकला, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेला आणि १९६१ साली फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघात व्यावसायिक खेळाडू झाला. या खेळात १९३४ ते १९४५ पर्यंत एकही काळा खेळाडू घेतला गेला नव्हता. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळला जात होता. (असले न लिहिलेले नियम आपल्याला नवे नाहीत.) १९४६ मध्ये लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड या दोघांना घेतले, तेव्हा ही बंदी मोडली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विद्वान ड्युबॉईस यांना पत्र लिहून, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. क्रॉस पुढे १९६६ ते १९६८ याच रॅम्समध्ये खेळले.

पहिल्याच वर्षी डोक्याला इतके मार बसले की शुद्ध हरपायची. सोबत्यांनी गमतीने नाव ठेवले ‘पेपर हेड’, म्हणजे कागदी डोक्याचा. मग त्यांनी जास्त गादी भरलेले हेल्मेट करून घेतले आणि खेळत राहिले. १९६४ व १९६५ साली निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी त्यांची निवड झाली. मात्र खेळाडूची नोकरी किती दिवसांची हे त्यांनी ओळखले होते. खेळत असतानाच फिलाडेल्फियात रेडिओ-टीव्हीवर खेळाच्या बातम्या देण्याचे काम त्यांनी धरले.

तेव्हाचा गोऱ्यांचा समज असा, की काळा पळेल, उडी मारेल, धडक देईल. डोके चालवायचे ते गोऱ्याने. ‘यांना बुद्धीचे काम जमायचे नाही’ हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकले नाही? संघाचा डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जागेवर तर काळा माणूस सहसा उभाच करत नसत. अशा काळात १९७१ साली सीबीएसने क्रॉस यांना घेतले आणि १९७५ पासून ‘द एनएफएल टुडे’ या रविवारच्या कार्यक्रमात बसवले. सामन्याआधी कोण काय डाव टाकील, कुणाची बाजू कुठे लंगडी, हे साऱ्या देशाला समजावून सांगायचे. राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर पूर्णवेळ क्रीडा विश्लेषक झालेले ते पहिले कृष्णवर्णीय. त्याच मेजावर फिलिस जॉर्ज या बाईही होत्या, तेही तेव्हा नवलच होते. क्रॉस चौदा वर्षे तिथे बसले. आरडाओरडा नाही, नेटके बोलणे. आमच्या मते त्यांची खरी कमाई ही.

आणि १९८८ च्या जानेवारीत त्याच कार्यक्रमातले त्यांचे सहकारी जिमी ‘द ग्रीक’ स्नायडर यांनी एका मुलाखतीत सांगितले, की काळे खेळाडू सरस, कारण गुलामगिरीच्या काळात मालकांनी त्यांची तशी पैदास केली. गुराढोरांची करतात तशी! शिवाय, प्रशिक्षकाच्या जागाही काळ्यांनी घेतल्या तर गोऱ्यांना उरेल काय, हेही बोलले. सीबीएसने त्यांना लगेच काढले. तोवर दहा-बारा वर्षे क्रॉस त्यांच्या शेजारी बसून डोक्याचेच काम करत होते.

१९९४ ला सीबीएस सुटले. पुढे त्यांनी महाविद्यालयांत क्रीडा संचालक म्हणून काम केले. २००९ साली प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमचा पीट रोझेल पुरस्कार मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

२०१८ मध्ये स्मृतिभ्रंशाचे निदान झाले, २०२१ च्या फेब्रुवारीत ८१ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मेंदू बॉस्टन विद्यापीठाला दिला गेला. २०२३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, की वारंवारच्या धडकांनी होणारा सीटीई हा रोग चौथ्या म्हणजे शेवटच्या टप्प्याला पोचला होता. तोवर तपासलेल्या ३७६ माजी खेळाडूंपैकी ३४५ जणांच्या मेंदूत हा रोग निघाला. अर्थात ज्यांना त्रास होता त्यांचेच मेंदू जास्त येतात, म्हणून हे प्रमाण साऱ्यांना लावता येत नाही. जिवंतपणी या रोगाचे पक्के निदान होत नाही, मेंदू मृत्यूनंतर कापूनच पाहावा लागतो. म्हणून क्रॉस यांनी आपला आधीच देऊ केला होता.