युग पालटतां गांव पुसावें कां?
बार्शीटाकळीच्या आमच्या वाड्यांत ‘सिव्हिलायझेशन’ हा संगणकावरील राज्यविस्ताराचा खेळ २००५ सालच्या चौथ्या भागापासून मुक्कामास आहे. आम्ही व धाकटे बंधु एकच डाव पाळीपाळीनें खेळत असूं. पहिल्या नगरापासून अवकाशयानापर्यंत राष्ट्र एकच, आणि काकूंची पानें मांडल्याची तिसरी हांकहि ऐकूं येत नसे.

२०२५ च्या फेब्रुवारींत सातवा भाग निघाला, तो आम्ही मोठ्या आशेनें घेतला. त्यांत खेळाचीं तीन युगें पाडलेलीं. युग सरलें कीं चालू युद्धें आपोआप मिटत, राजधानीखेरीज बहुतेक नगरें पुन्हां लहान वस्त्या होत, आणि राष्ट्रच बदलावें लागे. मौर्यांचे चोल, चोलांचे मोगल! राजा मात्र तोच. म्हणजे अशोकानें मोगलांचें राज्य चालवावयाचें. सैन्य एकत्र नेणाऱ्या सेनापतीची योजना उत्तम, हें कबूल. पुढें गेलेल्या खेळाडूस उत्तरार्ध कंटाळवाणा होतो, त्यावरील हा उपाय, हेंहि समजतें. पण औषध दुखण्याहून कडू झालें.

आमच्या गांवांत काळंकादेवीचें हेमाडपंती देवालय आठ शतकांहून अधिक काळ उभें आहे. यादव गेले, निजाम गेला, इंग्रज गेले. गांव कोणी नव्यानें मांडलें नाहीं.

पुतण्या म्हणतो, “काका, मला हाच आवडतो. हरलों तरी पुढच्या युगांत सावरतां येतं.” त्याला संगणक देऊन आम्ही उठलों. रात्रीं बंधूंस पुण्यास फोन केला. चौथ्या भागांतील अर्धा राहिलेला डाव त्यांनीं अजून जपून ठेविला आहे.