पोरांच्या हाती चार चिंचोके द्या

मार्गशीर्ष सरत आला की कर्जतच्या माळावरचा वारा बदलतो. दुपारी अंगात नुसता सदरा पुरतो आणि दिवस मावळला की तासाभरात हुडहुडी भरते. आपला भाग पर्जन्यछायेतला. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. जमिनीत दिवसभर मुरलेली ऊब धरून ठेवायला वर ढग नसतात, त्यामुळे ती रात्रीतून निघून जाते. म्हणून आपल्याकडे थंडी दिवसाच्या दोन टोकांना बसते, सकाळी उन्हं वर येईपर्यंत आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर. पोरं घरात अडकतात ती याच दोन वेळांना, आणि त्यांच्या हातात मोबाईल जातो तोही याच वेळांना.

हे कसं होतं ते मी जवळून पाहिलंय, म्हणून कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. शेतीची वीज रात्रीची असली की बाप बॅटरी घेऊन ज्वारीला नाहीतर कांद्याला पाणी द्यायला रानात असतो. आईच्या मागे धारा, भाकरी, सकाळच्या डब्याची तयारी. पोरगं गोधडीतून निघत नाही, रडतं, बहिणीशी भांडतं. मोबाईल दिला की घर गप्प होतं. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेला सल्ला एकदा ऐका: दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून एक तासापेक्षा जास्त नको. आपल्याकडे एका संध्याकाळीच तो तास संपतो.

माझं मागणं फार मोठं नाही. दिवेलागणीनंतरचा पहिला अर्धा तास मोबाईल फळीवर राहू द्या, आणि त्या वेळात घरातल्या कुणातरी एका मोठ्या माणसाने मुलांजवळ बसावं. आजी, चुलता, थोरली बहीण, कुणीही चालेल. एकट्या पोराला खेळणं फार वेळ धरून ठेवत नाही. समोर खेळायला माणूस असला की तेच पोर उठायला तयार होत नाही.

सुरुवात चिंचोक्यांनी करा. दोन मोठे चिंचोके फोडून त्यांच्या चार डाळी करा, म्हणजे प्रत्येकीची एक बाजू पांढरी आणि एक काळी. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली मारा. चौघांनी चार बाजूंना बसायचं, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. खडे, तुरीचे दाणे, बटणं, काहीही चालतं. डाळी टाकल्या की पांढऱ्या जितक्या वर तितकी घरं. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की पुन्हा डाव. बाहेरची सोळा घरं फिरून आतल्या आठांत शिरायचं आणि शेवटी मधल्या घरात. फुलीवर बसलेली सोंगटी मारता येत नाही. बाहेर एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत वाट मिळत नाही, असा नियम बहुतेक घरांत असतो. कुणी याला चल्लस-आठ म्हणतं, कुणाकडे दुसरं नाव आहे. तुमच्या आजीला विचारा, तिचे नियम माझ्यापेक्षा वेगळे निघतील, आणि तेच पाळा.

हा खेळ मी पहिला का सांगतो? मोजणं त्यात आहेच. शिवाय घराजवळ आलेली सोंगटी मेल्यावर परत पहिल्यापासून निघायचं असतं. सात वर्षांच्या पोराचे डोळे तेव्हा भरून येतात. त्या वेळी समोर बसलेला काका म्हणतो, "टाक, अजून डाव आहे." मोबाईलवरच्या खेळात हरलेल्या पोराला असं म्हणायला समोर कुणी नसतं.

सागरगोटे मिळाले तर तेही काढा. नाहीच काही तर नाव-गाव-फळ-फूल आणि राजा-राणी-चोर-शिपाई यांना कागदाचा एक चिटोरा पुरतो.

आता धाटाची बैलगाडी. कडब्याच्या गंजीतून ज्वारीची दोन-तीन जाड धाटं ओढून आणा. वरची साल सोलून काढली की आत पांढरं, हलकं भेंड निघतं. भेंडाच्या चकत्या कापून चाकं करायची, सालीच्या काड्या टोचून आस आणि जू. गाडी, नांगर, चष्मा, सगळं त्यातून होतं. एक काळजी घ्या, ही साल पात्यासारखी कापते, तेव्हा सोलायचं काम मोठ्या माणसाचंच. जोडणी मात्र मुलालाच करू द्या. चाक वाकडं बसलं तर वाकडं राहू द्या.

याच जातीचं काम पुण्यात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं केलं. आयुका या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी शिकवली आणि त्यांच्या चित्रफिती, पुस्तकं मराठीतूनही फुकट बघता-वाचता येतात. त्यातला एक प्रयोग आजच करून बघा. काडेपेटीच्या काड्यांचं गूल खरवडून टाका, सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे छोटे तुकडे करा आणि त्यांनी काड्या जोडा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो. त्यात एक काडी तिरकी घातली की तोही ताठ उभा राहतो. मग मुलाला गोठ्याच्या पत्र्याखालची लोखंडी कैची दाखवा आणि तिच्यात किती त्रिकोण आहेत ते मोजायला सांगा. पुढच्या वेळी बाजाराला जाताना वाटेतल्या प्रत्येक शेडकडे ते बघेल.

गोधडीही अशीच. माझी आजी थंडीत गोधडी घालायला बसली की सुईत दोरा ओवायचं काम आम्हा नातवंडांचं असे, कारण तिला दिसत नसे आणि आम्हाला दिसत असे. प्रत्येक तुकड्याला ती ओळखायची. हा आत्याच्या लग्नातल्या लुगड्याचा, हा आजोबांच्या धोतराचा. धावदोरा मी तिच्याकडे शिकलो. सात-आठ वर्षांचं मूल, मुलगा असो की मुलगी, तुकड्याला तुकडा नीट जोडू शकतं. पहिला टाका वेडावाकडा येईल, तो उसवू नका.

गोष्टीची वेळ अंथरुणात पडल्यावरची. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हा त्या पुस्तकाची विभागणी त्यांनी रात्रींमध्ये केली. आश्रमात रोज रात्री मंडळी जमतात, श्याम एकच आठवण सांगतो आणि पुढची उद्यावर राहते. हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे. एका रात्री एकच गोष्ट सांगा. गोष्टी शोधायला लांब जायला नको. सिद्धटेकच्या गणपतीचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलं, आणि त्या जन्मल्या 1725 साली शेजारच्या जामखेड तालुक्यात, चोंडीला. त्याच तालुक्यात खर्डा, जिथे 1795 साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. राशीनच्या देवीच्या देवळातल्या दीपमाळा हलतात, त्या कशा हलत असतील यावर पोरांना आधी अंदाज बांधू द्या. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य 1980 सालचं. नर काळवीट वाढत्या वयाबरोबर काळा का होतो, हा प्रश्न एका रात्रीला पुरेसा आहे. आणि गोष्टी संपल्याच तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. 1971 पासूनचे त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मोबाईल फळीवरून खाली काढायचाच असेल तर त्यासाठी काढा, आणि पोराला जवळ घेऊन मोठ्याने वाचा.

सकाळी उन्हं अंगणात आली की मात्र मुलांना घरात ठेवू नका. कानटोपी घालून ओसरीवर, भिंतीच्या कडेला, कोवळ्या उन्हात बसवा.

आता शेकोटीचं. झोपायच्या खोलीत दार लावून निखाऱ्याची शेगडी किंवा घमेलं कधीही ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. बाहेरच्या शेकोटीजवळही मफलरची लोंबती टोकं आणि टेरिकॉटचे कपडे सांभाळा, ते पेटले की वितळून कातडीला चिकटतात. भाजलं तर वीस मिनिटं साधं गार पाणी वाहू द्या आणि दवाखाना गाठा. टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावू नका. चार वर्षांच्या आतल्या मुलाजवळ चिंचोके, सागरगोटे, अख्खे शेंगदाणे, हरभरे, बोराच्या बिया ठेवू नका. दाणा श्वासनलिकेत अडकायला एक ठसका पुरतो. आणि तान्ह्या बाळाच्या तोंडावर जड पांघरूण येऊ देऊ नका.

एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचते, ती सांगतो. आपण घराच्या भिंतीआड थंडीची चर्चा करतो तेव्हा उसाच्या फडाशेजारी तोडणी कामगारांच्या कोपी उभ्या असतात. पाचटाचं छप्पर, खाली पाण्याने गारठलेलं रान. आई-बाप पहाटे अंधारातच फडात उतरतात आणि पोरं धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन कोपीच्या तोंडाशी बसतात. तीही खेळायच्याच वयाची आहेत. तुमच्या ओसरीवर पट मांडलेला असेल तेव्हा त्यांना हाक मारा. चार जण लागतातच खेळाला. वापरात नसलेला स्वेटर, जुनी गोधडी, ‘किशोर’चा वाचून झालेला अंक त्यांच्या हातात द्या.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तुमच्या घरी लहान लेकराचं बोरन्हाण होईल. हलव्याचे दागिने होतील, डोक्यावरून बोरं, उसाच्या गंडेऱ्या, चुरमुरे पडतील आणि वेचायला गल्लीतली पोरं झेप घेतील. या वर्षी कोपीतल्या पोरांनाही बोलवा. बोरं कमी पडली तर आमच्या बांधावरच्या बोरीला भरपूर लागली आहेत, पिशवी घेऊन या.