सैनिकाचे गाणे आणि सेनापतीची ग्रंथयादी

अमेरिकेतील अ‍ॅनापोलिस येथील नौदल अकादमीच्या निमिट्झ ग्रंथालयातून एप्रिल २०२५ च्या आरंभी ३८१ पुस्तके हटविण्यात आली. वंश, लिंगभाव आणि विविधता या विषयांवरील विशिष्ट प्रकारच्या लेखनाला लष्करी शिक्षणसंस्थांत थारा नको, हे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांच्या कार्यालयाचे धोरण त्यामागे होते. कृष्णवर्णीय कवयित्री माया अँजेलो यांचे ‘आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज’ हे १९६९ सालचे आत्मचरित्र हटविलेल्या पुस्तकांत होते; हिटलरचे ‘माइन काम्फ’ मात्र जागच्या जागी राहिले. टीकेची झोड उठल्यानंतर मे महिन्यात बहुतेक पुस्तके परत आली आणि वाद थंडावला. सैनिकाने काय वाचावे हे कोणी आणि कोणत्या हेतूने ठरवावे, हा मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला.

या प्रश्नाला मरीन कोअरच्या संदर्भात विशेष धार आहे. अ‍ॅनापोलिसच्या अकादमीतून नौदलाबरोबरच मरीन कोअरचेही अधिकारी घडतात, आणि वाचनाला सैनिकी कर्तव्याचा दर्जा देण्याची परंपरा याच दलाने आग्रहाने जोपासली आहे. जनरल अल्फ्रेड ग्रे हे साध्या शिपायापासून चढत सर्वोच्च पदावर पोहोचलेले सेनानी. १९८७ ते १९९१ या काळात ते दलाचे प्रमुख होते. १९८९ मध्ये त्यांनी ‘वॉरफायटिंग’ ही युद्धतत्त्वांची छोटेखानी पुस्तिका काढली आणि त्याच वर्षी हुद्द्यानुसार वाचावयाच्या ग्रंथांची यादीही सुरू केली. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध होता. रणांगणावरील गोंधळात वरून हुकूम येण्याची वाट पाहता येत नाही. खालच्या हुद्द्यावरील माणसाला तत्काळ निर्णय घ्यावा लागतो, हे त्या पुस्तिकेचे सूत्र. तसा निर्णय घ्यायचा तर विवेक हवा, आणि स्वतःच्या वयापेक्षा मोठा विवेक विशीतल्या तरुणाला ग्रंथांवाचून अन्यत्र क्वचितच मिळतो.

पुढील वर्षांत या यादीत जी पुस्तके आली, त्यांत केवळ विजयगाथा नव्हत्या. युजीन स्लेज यांच्या ‘विथ द ओल्ड ब्रीड’ या आठवणींत पेलेलिऊ आणि ओकिनावा येथील लढायांचे वर्णन आहे. शत्रूच्या क्रौर्याबरोबर आपल्याच सोबत्यांच्या अमानुषतेचीही नोंद त्यांनी प्रामाणिकपणे केली आहे. ‘एंडर्स गेम’ या कादंबरीतील मुलगा सराव समजून एक युद्ध जिंकतो आणि आपण खरोखरच एक संपूर्ण जीवजाती नष्ट केली, हे त्याला नंतर कळते. शस्त्र हाती असलेल्या माणसाला अस्वस्थ करतील अशी पुस्तके त्याला खुद्द सेनापतींनीच वाचायला सांगितली, हे या यादीचे खरे मोल होय. जेम्स मॅटिस यांनी २००३ मध्ये एका सहकाऱ्याला लिहिलेल्या आणि पुढे गाजलेल्या पत्राचा आशयही हाच होता: वाचायला वेळ नाही म्हणणारा अधिकारी अनुभवातून शिकतो आणि त्या शिकवणीची किंमत त्याचे सैनिक प्राणांनी मोजतात.

वाचन असे वरून खाली येते; संगीताचा प्रवास बहुधा उलट दिशेने होतो. पॅरिस आयलंड आणि सॅन दिएगो येथील तेरा आठवड्यांच्या प्रशिक्षणात नवभरती झालेल्या तरुणाचा मोबाइल काढून घेतला जातो आणि त्याबरोबर त्याची आवडती गाणीही जातात. कानी पडतो तो प्रशिक्षकाचा आवाज आणि धावताना एकाने म्हणायची व साऱ्यांनी उचलून धरायची तालबद्ध हाळी. अमेरिकी सेनादलांत ती हाळी आज ज्या रूपात प्रसिद्ध आहे, तिचे मूळ कोणा सेनापतीच्या आज्ञापत्रात सापडत नाही. १९४४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या फोर्ट स्लोकम येथे विली डकवर्थ या कृष्णवर्णीय शिपायाने थकलेल्या सोबत्यांची पावले जुळावीत म्हणून ती म्हटली, असा इतिहास आहे. त्या वेळी अमेरिकी सैन्यात कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या असत. मरीन कोअरने तर त्यांना १९४२ पर्यंत दारातही उभे केले नव्हते आणि त्यानंतरही काही वर्षे त्यांचे प्रशिक्षण माँटफर्ड पॉइंट येथे स्वतंत्रपणेच चालले. डकवर्थच्या हाळीवर आज साऱ्या वर्णांचे जवान धावतात. ती हाळी ज्या समाजातून आली, त्या समाजाची वेदना सांगणारे पुस्तक मात्र २०२५ मध्ये त्याच सेनादलाच्या एका ग्रंथालयाला काही आठवडे नकोसे झाले. आवाज हवा, पण त्यामागची कहाणी नको, असाच याचा अर्थ होतो.

प्रशिक्षण संपले की सैनिकाची गाणी त्याला परत मिळतात. इराक युद्धातील अमेरिकी सैनिकांच्या संगीताचा अभ्यास जोनाथन पिस्लॅक यांनी २००९ च्या ‘साउंड टार्गेट्स’ या ग्रंथात केला आहे. मोहिमेवर निघण्यापूर्वी मेटल आणि रॅप यांच्या कर्कश लयीवर मन पेटविण्याची प्रथा त्यातून स्पष्ट होते. यात विकृती शोधण्याचे कारण नाही; भीतीवर मात करण्यासाठी रणवाद्ये सर्वच देशांत वाजत आली आहेत. मात्र तीच लय शस्त्रही होऊ शकते. डिसेंबर १९८९ मध्ये पनामात व्हॅटिकनच्या वकिलातीत आश्रय घेतलेल्या नोरिएगांवर अमेरिकी सैन्याने ध्वनिवर्धकांतून रॉक संगीताचा मारा केला. पुढे ग्वांतानामोच्या तुरुंगात मोठ्या आवाजातील संगीत कैद्यांच्या छळाचे साधन बनले.

संगीत आवेश देते. पुस्तक विराम देते. सैनिकाला दोन्ही हवेत, परंतु आवेशासाठी यंत्रणेला फारसे कष्ट पडत नाहीत, विरामासाठी ते घ्यावे लागतात. शिवाय पुस्तक हाती दिले म्हणजे अपेक्षित अर्थ पोहोचतोच असेही नाही. आखाती युद्धात मरीन म्हणून गेलेले अँथनी स्वॉफर्ड यांनी ‘जारहेड’ या २००३ च्या आत्मकथनात सांगितले आहे, की युद्धविरोधी म्हणून गौरविलेले व्हिएतनामवरचे चित्रपट त्यांचे सोबती युद्धाचा कैफ चढावा म्हणून पाहत. वाचक आणि श्रोता आपला अर्थ स्वतः घडवतो. म्हणूनच एखादे पुस्तक हटविल्याने सैनिकाची निष्ठा वाढेल, ही समजूत जितकी भाबडी, तितकीच एखादे पुस्तक यादीत घातल्याने तो सुसंस्कृत होईल ही समजूतही भाबडी आहे.

दुसरी बाजूही न्यायाने पाहायला हवी. लोकशाहीत सेनेवर निर्वाचित सरकारचे नियंत्रण असते आणि असायलाच हवे. २०२१ मध्ये नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल मायकेल गिल्डे यांनी इब्राम केंडी यांचे वंशवादविरोधी पुस्तक आपल्या शिफारसयादीत घेतले, तेव्हा काँग्रेसमध्ये त्यांना खडसावण्यात आले. पुढच्या वर्षीच्या यादीत ते पुस्तक नव्हते. अधिकृत शिफारस म्हणजे पुरस्कार, हा टीकाकारांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. परंतु शिफारसयादी वेगळी आणि ग्रंथालयाचे कपाट वेगळे. यादीतून पुस्तक वगळणे हे मत झाले; कपाटातून काढणे हा अविश्वास झाला. १४ एप्रिल २०२५ रोजी रायन हॉलिडे यांचे स्टोइक तत्त्वज्ञानावरील व्याख्यान याच अकादमीने ऐनवेळी रद्द केले, कारण ग्रंथ हटविण्याचा उल्लेख भाषणातून गाळण्यास त्यांनी नकार दिला. मॅटिस यांच्यासारखा मरीन सेनानी ज्या मार्कस ऑरेलियसचे चिंतन मोहिमांवर सोबत नेत असे, त्याच परंपरेवरचे ते व्याख्यान होते.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. दिल्लीच्या ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यातून २०२२ मध्ये गांधीजींच्या आवडीची ‘अबाइड विथ मी’ ही धून वगळली गेली आणि सी. रामचंद्रांनी स्वरबद्ध केलेले, मंगेशीशी नाळ जुळलेल्या लताबाईंनी अमर केलेले ‘ऐ मेरे वतन के लोगों’ तेथे आले. आलेल्या धुनेबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. एकाला जागा देण्यासाठी दुसरीला घालवावे लागते का, एवढाच प्रश्न आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, गोव्यात वेरे येथे नौदल युद्ध महाविद्यालय आहे. सीमाभागातील आणि गोमंतकातील कित्येक घरांतली मुले सेनादलांत जातात. तेथे त्यांना आवेश देणाऱ्या घोषणा आणि धून यांची वाण पडणार नाही. थांबून विचार करायला लावणारे, प्रसंगी न पटणारे पुस्तकही त्यांच्या हाती पडते की नाही, याची चौकशी त्यांना सेनेकडे सोपविणाऱ्या समाजाने करायला हवी. बंदूक ज्याच्यावर विश्वासून सोपवली, त्याच्यावर पुस्तकही विश्वासाने सोपवता आले पाहिजे.