प्लांट बसवला म्हणून सूट? आधी पाणी दाखवा

कारखान्यांना सांडपाणी केंद्रासाठी सवलत मिळाली की बंदरावर एकच प्रश्न निघतो, "मग खाडीतलं पाणी अजून काळं कसं?" प्रश्न रास्त आहे, आणि जुन्या कायद्याने तो विचारलाही होता.

१९७७ चा जल उपकर कायदा. ठरावीक उद्योग जेवढं पाणी वापरतील त्यावर हजार लिटरमागे काही पैसे उपकर. सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवली तर कलम ७ खाली सूट, आधी ७० टक्के, १९९२ पासून २५. पण खरी मेख १९७८ च्या नियमांत. यंत्रणा यशस्वीपणे सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी सूट लागू, आणि ती नीट चालेल तोवरच! १९९२ पासून आणखी घट्ट केलं: ठरलेल्यापेक्षा जास्त पाणी वापरलं, मंडळाच्या संमतीचं कलम पाळलं नाही, किंवा मानकं मोडली, तर सूट नाही. टाकी बांधून उद्घाटनाचा फोटो काढला की झालं, असं नव्हतं. निदान कागदावर तरी.

जीएसटी आला तेव्हा, १ जुलै २०१७ ला, हा उपकर रद्द झाला. पैसे किरकोळच होते, त्याचं दुःख नाही. मानकंही आहेतच. पण पाणी चांगलं तरच सूट, ही गाठ सुटली, ते खटकतं.

तारापूर बघा. तिथे सामायिक केंद्र नव्हतं असं नाही. २५ एमएलडीचं होतं, म्हणजे दिवसाला अडीच कोटी लिटर. येणारं सांडपाणी त्याहून जास्त. शेवटी अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे आपलीच माणसं, हरित लवादाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखाने आणि ते केंद्र, दोघांनाही भरपाई भरायला सांगितलं. कोर्टात जायला खर्च कोणाचा, वर्षं कोणाची, ते दर्यावर जाणाऱ्याला विचारा.

म्हणून सोसायट्यांनी आता एवढं लावून धरावं. सवलत अनुदानात असो की बिलात, ती बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तपासणीवर ठरवा. नमुना केंद्राच्या नळावर नको, पाइप समुद्रात सुटतो तिथे घ्या, ओहोटीला, आणि आपला एक नाखवा हजर ठेवून. निकाल सोसायटीच्या फळ्यावर लागला पाहिजे, मराठीत.